चिखलाला नावे ठेवू नयेत

माझे सासर चिखली. आता चिखली म्हटले की माणसांना पिंपरी-चिंचवडचे कारखाने, तळवडे-मोशीकडे जाणाऱ्या कंटेनरच्या रांगा आणि कुदळवाडीची भंगाराची गोदामे आठवतात. पण मी सून होऊन आले तेव्हा ते शेतकऱ्यांचे नांदते गाव होते. टाळगाव चिखली म्हणत. वरल्या अंगाला देहू, खालच्या अंगाला आळंदी, आणि मधे इंद्रायणीच्या काठाने आमची राने. पावसाळ्यात पायातली वहाण चिखलात रुतली की ती उपसून काढायला दोघे लागत. माहेरच्या बाया थट्टा करीत, "काय गं, नावातच चिखल असलेल्या गावात दिली तुला!" मी हसण्यावारी नेई, पण मनात त्या नावाची लाज होती. ती लाज कशी गेली ते सांगायचे आहे. मी चौथी शिकलेली बाई. मी सांगत गेले आणि नातीने उतरवून घेतले. चुकले-माकले पदरात घ्यावे.

१९९७ साली गाव महापालिकेत गेले. रस्ता आला, नळ आला, शाळा मोठ्या झाल्या. खोटे कशाला बोलू, सुखही आले. राने मात्र तुकड्या-तुकड्याने गेली. काही आरक्षणात अडकले, काही लेकीच्या लग्नात विकले, काही आजारपणात. शेवटी आमच्याकडे उरली नदीलगतची अठरा गुंठे मळई. मळई म्हणजे पुराचा गाळ बसून झालेली जमीन. पावसाळ्यात आठ-पंधरा दिवस पाण्याखाली जाते. दिवाळीनंतर मात्र हरभरा टाका, मेथी-कोथिंबीर टाका, दोन्ही हातांनी देते. मालक होते तोवर तेच ती बघत. ते गेल्यावर सातबाऱ्यावर माझे नाव लागले.

२०२५ च्या जानेवारीत एक माणूस घरी आला. पाय धुऊन, चहा घेऊन त्याने गोष्ट काढली. "आजी, त्या खड्ड्यात काय पिकतंय? नुसता चिखल. आम्ही भराव टाकतो. पाडलेल्या बांधकामांचा राडारोडा आणतो, वर मुरूम पसरतो. तुम्हाला एक रुपया खर्च नाही. वर आमच्या गाड्या उभ्या राहतील. तुम्हाला महिन्याच्या महिन्याला भाडं."

भाड्याचा आकडा ऐकून माझे डोळे विस्फारले. वर्षभर मेथीच्या जुड्या बांधून जे मिळते ते दीड महिन्यात मिळणार होते. थोरल्याच्या टेम्पोचे हप्ते थकले होते. नातवाची कॉलेजची फी डोक्यावर होती. थोरला म्हणाला, "घे की सही करून, आये. नदी काय रोज येती व्हय?" धाकटा कंपनीत कामाला. तोही नाही म्हणेना. माझ्याही मनात होकारच होता. फक्त म्हटले, परवा करते. कारण मधल्या दिवशी नातीच्या शाळेची सहल होती आणि मुलांवर लक्ष ठेवायला घरची चार माणसे हवी होती. सूनबाईला कामावर सुट्टी मिळेना, म्हणून मी निघाले. ऐरोलीला, ठाण्याच्या खाडीवर. तिथे वन विभागाच्या कांदळवन कक्षाने किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र उभारले आहे. खाडीतल्या झाडांची, पक्ष्यांची माहिती देतात आणि होडीतून फिरवतात.

पहाटेच गाडी सुटली. पिशवीत धपाटी आणि शेंगदाण्याची चटणी. कामशेत मागे पडले, लोणावळा आला, आणि उजव्या हाताच्या डोंगरांकडे बघून माझा जीव हलला. त्या डोंगरांपलीकडे माझे माहेर, आंदर मावळ. आमच्या आंद्रा नदीवर ठोकळवाडीला टाटांचे धरण आहे. माझ्या आजोबांच्या पिढीतल्या कितीकांची भातखाचरे त्यात गेली. ते पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून खाली कोकणात भिवपुरीला सोडतात आणि त्यावर १९२२ पासून वीज होते. खाली उतरलेले पाणी उल्हास नदीला मिळते. उल्हास ठाण्याजवळ येते. तिचा मोठा प्रवाह वसईच्या खाडीकडे वळतो आणि एक लहानसा फाटा ठाण्याच्या खाडीशी जोडलेला आहे. म्हणजे माझ्या माहेरच्या पाण्याच्या दोन वाटा. एक वाट मूळची, आंद्रेतून इंद्रायणीत, इंद्रायणीतून भीमेत, पुढे कृष्णेत आणि पूर्वेच्या समुद्रात. त्याच आंद्रेवर खाली मंगरूळजवळ दुसरे धरण झाले. त्याचे पाणी निघोज्याच्या बंधाऱ्यातून उचलतात आणि आमच्या चिखलीतच शुद्ध करून शहराला पाजतात. दुसरी वाट माणसाने वळवलेली, पश्चिमेच्या समुद्राकडची. सासरी आलेल्या पाण्याला मी रोज बघत होते. दुसरीकडे दिलेली बहीण कशी नांदते ते आज बघणार होते.

ऐरोलीला उतरलो तर आधी वास आला. कुजक्या गाळाचा, खारट. पोरांनी नाके दाबली. मला तो वास परका वाटला नाही. पूर ओसरल्यावर आमच्या मळईला असाच वास येतो, फक्त मीठ नसते. माहिती सांगायला एक तरुण मुलगी होती. म्हणाली, "मुलांनो, या वासाला नाक मुरडू नका. इथे झाडांची पाने कुजतात, त्यावर बारीक जीव जगतात, त्यांच्यावर खेकडे-मासे जगतात. हा खाडीचा उकिरडाही आहे आणि स्वयंपाकघरही." उकिरडा म्हटल्यावर मला पटले. उकिरडा असल्याशिवाय शेत पिकत नाही, हे मला कुणी शिकवायला नको.

आत पायवाटेने गेलो. दोन्ही बाजूंना तिवराची झाडी. झाडाच्या बुडाशी चिखलातून बोटभर उंचीचे हजारो खुंट वर आलेले. मला वाटले, ज्वारी काढल्यावर रानात धसकटे राहतात तसे काहीतरी तोडले असेल. ती मुलगी म्हणाली, "आजी, ही मुळेच आहेत. वर येऊन श्वास घेतात." मग तिने नीट उलगडून सांगितले. या चिखलात पाणी इतके दाटलेले की हवा शिरतच नाही. आपण शेतकरी वाफशाची वाट बघतो. वाफसा नसला तर मूळ गुदमरते, कुजते, पीक पिवळे पडते. इथे तर कधीच वाफसा नाही. म्हणून या झाडाने मूळ खाली न्यायचे सोडून वर काढले. भरतीला ते बुडते, ओहोटीला उघडे पडते आणि हवा घेते.

मिठाचेही तसेच. जास्त पाणी देऊन खारवटलेली जमीन आपण पाहिली आहे. पांढरी फटफटीत, तिच्यात कुसळही धड येत नाही. तिवर मात्र खारे पाणी पिते आणि जास्तीचे मीठ पानातून बाहेर टाकते. नातीने पानाला जीभ लावली आणि ओरडली, "आजी, खारट!" मग सगळ्या वर्गाने पाने चाटली.

कांदळाची शेंग बघून मात्र मी थक्क झाले. आपल्याकडे काढणीच्या वेळी पाऊस लागला तर कणसातच मोड येतात आणि आपण कपाळाला हात लावतो. कांदळाचे बी झाडावर असतानाच मोड काढते. वीतभर लांब, हिरवे, टोकदार रोप होते आणि मगच आईला सोडून खाली पडते. ओहोटी असेल तर सरळ चिखलात रुतते, भरती असेल तर तरंगत जाऊन दुसरीकडे रुजते. लेकराला चालते करून मगच घराबाहेर सोडणारी आई ती.

महाराष्ट्राच्या किनाऱ्याला कांदळवनाच्या वीसेक जाती आहेत. तिवर, कांदळ, चिप्पी, काजळा, किरकिरी, मारांडी. त्यातली पांढरी चिप्पी २०२० साली राज्याचे कांदळवृक्ष म्हणून जाहीर झाली. नावे ऐकताना मला आमच्या नदीकाठची झाडे आठवत होती. वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ, लव्हाळा. लव्हाळ्याचा तर तुकोबांनी दाखला दिला. आता चिखलीत लव्हाळा दाखवा म्हटले तर मला दोनच जागा माहीत आहेत.

भरती चढू लागल्यावर होडीत बसलो. होडीवाला जवळच्या कोळीवाड्यातला. घड्याळाकडे न बघता त्याने सांगितले, आज पाणी किती चढणार. मी विचारले, "दादा, तुम्हाला कसं कळतं?" म्हणाला, "मावशी, तिथीवरनं. अमावास्या-पुनवेला उधाण, अष्टमीला भांग. रोज पाऊण-एक तास उशीर धरायचा." आमचे सारे पंचांग पेरणीचे, त्याचे सारे पंचांग पाण्याचे. तिथ्या त्याच.

काठाच्या गाळावर निवट्या उड्या मारत होत्या. मासा असून चिखलावर चालतात. एक खेकडा पाहिला, त्याची एकच नांगी अंगाएवढी मोठी, आणि ती हलवून तो जणू सगळ्यांना या या म्हणत होता. शेकाट्या लांब लाल पायांवर चालत होत्या. आणि मग पुढे खाडीच्या मध्यावर गुलाबी पट्टा दिसला. मला आधी वाटले कुणी लुगडी वाळत घातली आहेत. जवळ गेलो तर पक्षी. हजारोंनी. रोहित म्हणतात, अग्निपंख म्हणतात. सगळ्यांच्या माना खाली आणि चोची उलट्या, जशी बाई सुपात धान्य पाखडते तसे ते गाळ पाखडत होते. होडी थोडी पुढे सरकली तशी एक फळी उठली. पंखांखालचा लाल रंग उघडा पडला. चाळीस पोरे होडीत होती, एकाच्या तोंडातून शब्द निघाला नाही.

ती मुलगी सांगत होती. हे पक्षी साधारण नोव्हेंबरात येतात आणि मे-जूनपर्यंत राहतात. पुष्कळसे गुजरातच्या कच्छाकडून येतात. मोसमात त्यांची संख्या लाखाच्या वर गेल्याची नोंद आहे. अंगाचा गुलाबी रंग जन्माचा नव्हे. पिल्ले करडी असतात. चिखलातले बारीक शेवाळ खाऊन हा रंग चढतो. २०१५ साली खाडीचा हा भाग रोहित पक्ष्यांचे अभयारण्य झाला. चार हजारांहून अधिक एकर. २०२२ साली त्याला रामसर यादीत जागा मिळाली, म्हणजे जगाने जपावी अशी पाणथळ म्हणून. एवढे सगळे त्या चिखलासाठी! मी मनात म्हटले, आमच्या चिखलाला तर भंगारवालासुद्धा खड्डा म्हणतो.

परत येताना होडीवाला म्हणाला, "पक्षी बघायला लोक आता येतात. आम्हाला तिवराची किंमत आधीपासून माहीत. समोर तिवर असली की खारलँडचा बांध टिकतो. तिवर तोडली की पहिल्या उधाणात लाट बांधावर येते, बांध फुटला की भातशेतीत खारं पाणी." मग त्याने २६ जुलै २००५ चा पाऊस काढला. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर. आमच्याकडे सबंध पावसाळ्यात एवढा पडला तरी आम्ही सुकाळ म्हणतो. ते पाणी समुद्राकडे जायला निघाले, तर वाटेत मिठी नदीच्या कडेची कांदळवने आणि पाणथळी भरून त्यावर बांधकामे झालेली. पाणी माणसांच्या घरात शिरले. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवन तोडायला आणि त्याच्यापासून पन्नास मीटरच्या आत भराव टाकायला मनाई केली. २०१८ च्या निकालात ती कायम झाली.

भराव हा शब्द ऐकला आणि माझ्या पोटात गोळा आला. कारण २०२४ च्या जुलैतला पूर मी विसरले नव्हते. आमच्या मळईवर तेव्हा माझ्या गळ्यापर्यंत पाणी होते. चार दिवस ते तिथे उभे होते, मग आपल्या पायांनी परत गेले. मी नातीला विचारले, "अठरा गुंठ्यांत पाच फूट पाणी धरलं तर किती होईल गं?" तिने गाडीत बसल्या बसल्या वहीवर हिशेब मांडला. एक गुंठा एक हजार एकोणनव्वद चौरस फूट. सगळे मिळून पावणेअठ्ठावीस लाख लिटरच्या आसपास. दहा हजार लिटरचे पावणेतीनशेच्यावर टँकर. तेवढे पाणी आमची जमीन चार दिवस स्वतःच्या अंगावर घेत होती. तिथे राडारोडा टाकला तर ते पाणी काय हवेत राहणार? खालच्या अंगाला वस्ती आहे. कामगारांची कुटुंबे राहतात, दोन माझ्या ओळखीची. ते त्यांच्या चुलीवर जाईल.

आणखी एक गोष्ट त्या मुलीने जेवताना सांगितली होती. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी नावाच्या बचत गटातल्या बायका स्वतः होडी चालवून पाहुण्यांना कांदळवन दाखवतात. सरकारच्या कांदळवन योजनेत किनाऱ्याच्या गावांना खेकडेपालन, कालवेपालन यासाठी मदत मिळते. म्हणजे झाड उभे ठेवून घर चालवण्याचाही मार्ग असतो, पण तो शोधावा लागतो, आणि भाड्याएवढा सोपा नसतो.

दुसऱ्या दिवशी तो माणूस कागद घेऊन आला. मी सही केली नाही.

घरात काय झाले ते सांगितले नाही तर हे लिहिणे अर्धवट राहील. थोरला तीन आठवडे माझ्याशी धड बोलला नाही. म्हणाला, "पक्षी बघून आली आणि पोरांच्या पोटावर पाय दिला." त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. हप्ता त्याला भरायचा होता. सूनबाईने मात्र बाजू घेतली. "आत्या म्हणत्यात ते खरं हाय. आणि तो भाग निळ्या रेषेत येतोय, उद्या नोटीस आली तर कुणाच्या नावानं येईल? सातबाऱ्यावर आत्याच हायेत." निळी पूररेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द. तिच्या आत बांधकामाला बंदी असते. हे आम्हाला ठाऊक नव्हते असे नाही. सगळेच टाकतात म्हणून आम्हीही डोळे मिटले होते.

त्याच मे महिन्यात आमच्याच चिखलीत, इंद्रायणीच्या निळ्या रेषेत बांधलेले छत्तीस बंगले महापालिकेने पाडले. राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश होता आणि सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला होता. मी बघायला गेले नाही. लोकांनी आयुष्याची कमाई घातलेली घरे ती. त्यांचे रडणे बघून माझे बरोबर होते म्हणायला मला तोंड नव्हते. थोरला जाऊन आला. रात्री जेवताना एवढेच म्हणाला, "आये, वाढ अजून एक भाकरी." तो पहिल्यासारखा बोलायला लागला ते तेव्हापासून.

हप्त्यांसाठी मी माझ्या पाटल्या मोडल्या. दोन हप्ते आणि फीचा अर्धा भाग निघाला. बाकीचे अजून ओढतोच आहोत. मळईच्या नदीकडच्या कडेला आम्ही वाळा लावला, वाळुंजाच्या फांद्या खोवल्या, करंजाची सात रोपे लावली. त्यातली चार जगली. वरच्या अर्ध्या भागात हत्तीगवत आहे. शेजारच्या गोठेवाल्याला विकतो. भाड्याच्या मानाने पैसा थोडाच. माझ्यामागे मुले काय करतील ते मी आज सांगू शकत नाही. सातबारा त्यांच्या नावावर जाईल तेव्हा सहीही त्यांचीच असेल. म्हणून तर नातीला सगळे लिहून ठेवायला सांगितले.

माझ्या मायबहिणींनो, तुमच्याही रानात असा एखादा तुकडा असेल. ओढ्याकाठचा, पाणथळ, गाळाचा. आपण त्याला पडीक म्हणतो, वाया गेलेला म्हणतो. भरून टाकण्याआधी एक पावसाळा त्याच्या काठावर उभे राहून बघा, तो काय काम करतो ते. आणि जमले तर पोरांना घेऊन ऐरोलीला जा. थंडी सुरू झाल्यापासून उन्हाळ्यापर्यंत पक्षी असतात. होडी भरतीच्या वेळेवर सुटते, म्हणून आधी चौकशी करून निघा. डोक्याला टोपी, पाण्याची बाटली घ्या, आणि भडक कपडे नकोत, पक्षी बुजतात.

२०२५ च्या पावसाळ्यात इंद्रायणी पुन्हा मळईत आली. पाच दिवस राहिली. गेली तेव्हा बोटभर गाळ ठेवून गेली आणि दोन पोती भरतील एवढे प्लास्टिक. प्लास्टिक आम्ही वेचून काढले. नात चिखलात गुडघाभर उतरली होती. मी ओरडले नाही. दिवाळीनंतर तिथे हरभरा टाकला.